मदत हवी आहे: पार्व्होनंतर नवी पिल्ले कुठे ठेवावीत?

वाईजवळ आम्ही भटक्या कुत्र्यांचे छोटे निवारा केंद्र चालवतो. गेल्या महिन्यात पार्व्होने (कुत्र्यांना होणारा जीवघेणा, संसर्गजन्य विषाणूजन्य आजार) पाचपैकी चार पिल्ले नेली. पाचवे, ज्याला सलाईन लावून आम्ही चार रात्री मांडीवर घेऊन बसलो होतो, त्याने परवा दहीभाताची ताटली चाटूनपुसून लख्ख केली आणि सगळा शीण उतरला. फरशी आम्ही १ भाग ब्लीच व ३० भाग पाणी या प्रमाणात धुतली आहे, परंतु अंगणातील मातीत हा विषाणू वर्षभरही तग धरू शकतो आणि तिथे ब्लीचचा उपयोग होत नाही. त्यातच काल कोणीतरी फाटकाशी खोक्यात तीन पिल्ले सोडून गेले (साधी चिठ्ठीही नाही). ती १६ आठवड्यांची होऊन लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत सातारा-पुणे परिसरात कोणी त्यांना घरी सांभाळू शकेल काय? पार्व्होनंतर अंगणाची माती बदलण्याचा अनुभव असणाऱ्यांनीही कृपया कळवावे.