बांगलादेश : सत्तांतरानंतर जुने वीज करार मोडावेत की पाळावेत?

अर्धविराम (धागा सुरू करणारे)

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांना ढाका सोडावे लागले आणि तीन दिवसांनी मुहम्मद युनूस यांचे अंतरिम सरकार आले. त्या सरकारच्या हाती पडलेले वीजक्षेत्र मोठे विचित्र होते. स्थापित क्षमता सुमारे २७ हजार मेगावॉट, तोवरची सर्वाधिक मागणी साडेसोळा हजारांच्या आसपास, आणि तरीही उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत तासन्‌तास भारनियमन.

याचे मूळ २०१० च्या विशेष कायद्यात आहे. २००९ साली देशाची क्षमता जेमतेम पाच हजार मेगावॉट होती आणि लोक अंधाराला विटले होते. त्या घाईत निविदा न मागवता थेट वाटाघाटींनी करार करण्याची मुभा सरकारने स्वतःला दिली. कलम ९ ने या करारांना न्यायालयात आव्हान देण्याचा मार्गही बंद केला. तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत चौदा वर्षे टिकला. घरोघरी वीज पोहोचल्याची घोषणा २०२२ साली झाली, आणि तिचे श्रेय त्या राजवटीला नाकारण्याचे कारण नाही. मात्र किंमत क्षमता आकाराच्या रूपाने मोजावी लागली. आपल्या घरगुती बिलात जसा स्थिर आकार असतो, तसाच हा प्रकल्पाला द्यावयाचा आकार. वीजनिर्मितीचा संच वर्षभर थंड पडला, तरी तो चुकत नाही. त्यातच बरेचसे करार डॉलरशी बांधलेले. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ८६ टका (बांगलादेशाचे चलन) पडत, २०२४ च्या अखेरीस १२० च्या घरात. म्हणजे एकही युनिट जास्त न घेता तेच बिल टक्यांत चाळीस टक्क्यांनी फुगले.

अंतरिम सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो कायदा रद्द केला, परंतु त्याखाली झालेले करार चालू ठेवले आणि त्यांची छाननी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवली. हा निर्णय मला योग्य वाटतो. रशियाचे कर्ज रूपपूरच्या अणुप्रकल्पात, चीनचे पायरामध्ये, जपानचे मातारबाडीत आणि भारताचे रामपालमध्ये गुंतलेले असताना एका फटक्यात करार मोडणाऱ्या देशाला पुढचे कर्ज कोणत्या दराने मिळेल, याचा विचार करावाच लागतो. एकेक करार टेबलावर घेऊन दर उतरवून घेणे हाच शहाणा मार्ग आहे. आपले मत काय?

गुहागरकर

हा शहाणा मार्ग आम्ही आमच्या दारात पाहिला आहे, म्हणून लिहितो. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला, तोही निविदेविनाच. १९९५ साली राज्यात सत्ता पालटली आणि ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारने करार रद्द केल्याची घोषणा केली. त्यानंतर तुम्ही सुचवता तशीच वाटाघाट झाली. तिचा निष्कर्ष काय निघाला? पहिल्या करारात दुसरा टप्पा ऐच्छिक होता, तो नव्या करारात बंधनकारक झाला आणि प्रकल्प २,१८४ मेगावॉटचा ठरला. म्हणजे अरबी समुद्रात बुडवायला निघालेला प्रकल्प फेरवाटाघाटीतून अधिक मोठा होऊन वर आला.

सत्तेवर नव्याने आलेल्या माणसांना वाटाघाटीचा अनुभव नसतो, समोरच्या कंपनीकडे मात्र तेच करणाऱ्या वकिलांची फौज असते. ज्या करारांना न्यायालयापासून लपवावे लागले, ते पाळण्याचे नैतिक ओझे बांगलादेशी जनतेवर का टाकावे? उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कलम ९ बेकायदा ठरवले. मग त्याच्या आडोशाने झालेले करार तेवढे कायदेशीर कसे उरतात? चौकशी करा, गैरव्यवहार सिद्ध करा आणि करार न्यायालयातून रद्द करून घ्या.

अर्धविराम

दाभोळची गोष्ट आपण १९९६ वर थांबवलीत. मे २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने करार मोडलाच, आणि त्यानंतर कित्येक वर्षे उभा प्रकल्प गंजत पडला. जी.ई. आणि बेक्टेल या एन्रॉनच्या भागीदार कंपन्यांशी तडजोड झाल्यावरच २००५ साली तो रत्नागिरी गॅस अँड पॉवरच्या ताब्यात आला. मोडूनही पैसे द्यावेच लागले आणि त्या काळात वीजही मिळाली नाही.

गोड्डाचे उदाहरण तर अधिक ताजे आहे. झारखंडमधील अदानी पॉवरचा हा १,६०० मेगावॉटचा प्रकल्प २०१७ च्या करारानुसार पंचवीस वर्षे बांगलादेशाला वीज देण्यासाठी उभारला गेला. परदेशातून कोळसा आणायचा, तो कोळशाच्याच राज्यात नेऊन जाळायचा आणि वीज सीमेपलीकडे पाठवायची, असा हा उलटा कारभार आहे, हे मला मान्य आहे. परंतु थकबाकी ऐंशी कोटी डॉलरच्या वर गेली, तेव्हा ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस पुरवठा निम्म्यावर आणला गेला. शिवाय सत्तांतरानंतर आठवडाभरातच भारत सरकारने नियम बदलून अशा प्रकल्पाला आपली वीज भारतात विकण्याची वाट मोकळी करून दिली होती. विक्रेत्याला दुसरे गिऱ्हाईक मिळू शकते आणि खरेदीदाराकडे साठवलेली वीज नसते. अशा स्थितीत न्यायालयीन लढाईची चार-पाच वर्षे ढाक्याने कशी काढायची?

उपकेंद्र

आयुष्य वीजक्षेत्रात गेलेला माणूस म्हणून सांगतो, आपण दोघेही कागदावर भांडत आहात. संच बंद आहेत ते इंधनाअभावी. बांगलादेशाची बरीचशी वीज नैसर्गिक वायूवर होते. वायूची मागणी दररोज सुमारे ४०० कोटी घनफूट, पुरवठा २७० ते २८० कोटींच्या दरम्यान, आणि त्यातले देशी उत्पादन आता २०० कोटींच्या खाली उतरले आहे. उरलेला वायू द्रवरूपात जहाजाने येतो, तो महेशखालीजवळ समुद्रात तरंगणाऱ्या दोन टर्मिनलांवर उतरतो. मे २०२४ मध्ये रेमल चक्रीवादळात त्यांपैकी एकाला धक्का बसला आणि ते काही महिने बंद राहिले. तेवढ्या काळापुरती देशाची आयात क्षमता निम्मी झाली! कोणत्याही कराराची फेरवाटाघाट ही गोष्ट दुरुस्त करू शकत नाही.

सागरी सीमेचा निवाडा म्यानमारशी २०१२ मध्ये आणि भारताशी २०१४ मध्ये झाला. त्यानंतरची दहा वर्षे आयातीच्या सोयीत घालवली. अखेर मार्च २०२४ मध्ये तेल-वायू शोधण्यासाठी २४ समुद्री गटांच्या निविदा काढल्या, मधल्या काळात सरकार कोसळले, आणि मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. तेलकंपन्या वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडतात. पुढच्या वर्षी कोण सत्तेवर असेल हे ठाऊक नसताना त्या खोल समुद्रात पैसा ओतत नाहीत. करार मोडण्याच्या घोषणांनी त्यांची भीती वाढेलच.

गुहागरकर

भीतीचा हा युक्तिवाद नेहमी मोठ्यांच्याच बाजूने का चालतो? याच अंतरिम सरकारने सौर प्रकल्पांची सुमारे तीस इरादापत्रे (करारापूर्वीची संमतिपत्रे) रद्द केली, कारण तीही विशेष कायद्याखाली दिलेली होती. ज्यांच्या हातात केवळ पत्र होते ते बाहेर गेले, आणि ज्यांच्या हातात जाड करार होता ते क्षमता आकार घेत राहिले. गुंतवणूकदारांच्या विश्वासाची एवढी काळजी होती, तर ती सौरवाल्यांच्या वेळी कुठे गेली? इंधन आयात करावे न लागणारी वीज तेवढी कापली गेली. उपकेंद्र यांनी वायूचे दुखणे नेमके सांगितले, पण त्यावरचा हा एक उपाय सरकारने स्वतःच्या हाताने मागे ढकलला, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

उपकेंद्र

सौरचा मुद्दा रास्त आहे. तरीही मार्च-एप्रिलमधला बोरो, म्हणजे सिंचनावरच्या भाताचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. पंप चालतात ते बहुधा रात्री, म्हणजे सूर्य मावळल्यावर. दिवसा पंप चालवण्यासाठी वेगळ्या वाहिन्या आणि वेगळे वेळापत्रक लागते; महाराष्ट्रात कृषी वाहिन्या वेगळ्या करताना किती वर्षे गेली ते आपण जाणतो.

नदीकाठ

गावात वीज पोहोचवणाऱ्या माणसांबद्दल या धाग्यात अद्याप कोणी लिहिले नाही. तिथे ग्रामीण वितरण ‘पल्ली विद्युत समित्यां’कडे आहे आणि त्यांच्यावर ग्रामीण विद्युतीकरण मंडळ. खराब साहित्य मंडळाने खरेदी करायचे आणि शिव्या समितीच्या वायरमनने खायच्या, अशी कर्मचाऱ्यांची जुनी तक्रार. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यातल्या काही अधिकाऱ्यांना बडतर्फ केले, तेव्हा संतापलेल्या कर्मचाऱ्यांनी अनेक जिल्ह्यांत वीजच बंद केली. ग्राहकाला वेठीस धरणे समर्थनीय नाही. पण करारांच्या छाननीला समिती मिळते आणि खांबावर चढणाऱ्याला बडतर्फी, हा क्रम मला खटकतो.

मोडावे की पाळावे या वादात मी अर्धविराम यांच्या जवळ आहे, पण एका अटीवर. आधीच्या राजवटीने नियामक आयोगाला वगळून स्वतःच दर ठरवण्याचा अधिकार घेतला होता, तो अंतरिम सरकारने ऑगस्ट २०२४ मध्येच काढून घेतला आणि जनसुनावणीचा मार्ग पुन्हा खुला केला. तोच नियम फेरवाटाघाटींनाही लावावा. सुधारित करार सहीपूर्वी आयोगासमोर यावा, त्यातला क्षमता आकार टक्यांत वाचून दाखवला जावा, आणि हरकती ऐकल्यावरच सही व्हावी.

गुहागरकर

सहीपूर्वी सुनावणी होणार असेल, तर फेरवाटाघाटीला माझा विरोध राहणार नाही. मात्र कंपन्या पहिल्याच बैठकीत गोपनीयतेचे कलम पुढे करतील, आणि ते कलम त्या जुन्या करारांतच लिहिलेले आहे. ते मोडायचे की पाळायचे, हे अर्धविराम यांनी सांगावे.

अर्धविराम

ते कलम मोडावे. दर लपवण्याचा हक्क मी पाळण्यासारख्या वचनांत धरत नाही.