स्वतंत्र लाइन आणि आवाजाची गुणवत्ता
घरातल्या मुख्य बोर्डापासून अ‍ॅम्प्लिफायरसाठी विजेची स्वतंत्र लाइन ओढल्याने आवाज खुलतो, या मताशी मी अंशतःच सहमत आहे. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. म्हणजे २० मीटर अंतरासाठी, जाऊन-येऊन ४० मीटर तारेत, १ अँपिअर प्रवाहाला २३० व्होल्टपैकी जेमतेम ०.३ व्होल्ट घटतात, आणि एवढ्याने संगीत बदलेल असे मला वाटत नाही. फ्रिज सुरू होताना स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर मात्र स्वतंत्र लाइन उपयोगी पडू शकते. सतत ऐकू येणारी गुणगुण बहुधा अर्थिंगच्या लूपमुळे (जोडलेली उपकरणे एकाहून अधिक मार्गांनी जमिनीशी जोडली गेल्याने तयार होणाऱ्या वेटोळ्यामुळे), अनेकदा केबल टीव्हीच्या वायरीतून येते. म्हणून खर्च करण्यापूर्वी सेट-टॉप बॉक्सची ती वायर काढून ऐकावे. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय जिवावर बेतू शकतो, तो कृपया कुणीही करू नये.