मदत हवी आहे: ऑटिझम आहे, ३३व्या वर्षी लॅबच्या कामात शिरायचं आहे

कोरांटी:

नमस्कार मंडळी. मी पुण्यात राहते, वय ३३. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झाल्यावर घरी पैशाची गरज होती, म्हणून मिळाली ती नोकरी धरली, एका करसल्लागाराच्या ऑफिसात. जीएसटी, टीडीएस, रिटर्न्स. आकड्यांचं काम माझं चोख असतं. पण दोन फोन वाजताहेत, शेजारी प्रिंटर चालू आहे आणि कुणीतरी टेबलाशी उभं राहून "एवढं पटकन बघ ना" म्हणतंय, अशा वेळी शब्द कानावर पडतात पण अर्थ लागत नाही. घरी आल्यावर मग कुणाशी बोलवत नाही. गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांनी रीतसर तपासून ऑटिझमचं निदान केलं. त्याचं मला वाईट वाटलेलं नाही, उलट शाळेपासूनच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

वडिलांचं डायलिसिस चालू होतं तेव्हा त्यांचे सगळे रिपोर्ट मी वहीत उतरवून ठेवायचे. एकदा पोटॅशियम अचानक फार वाढलेलं आलं. आम्ही सगळे घाबरलो. लॅबमधल्या बाईंनी समजावलं की नमुना हिमोलाइज झाला आहे, लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच फुगतो. दुसऱ्यांदा रक्त घेतलं, ते ठीक निघालं. त्या बाईंचं काम मला करायचं आहे, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं आहे. एखादा आकडा बाकीच्यांशी जुळत नसेल तर मला तो सोडून पुढे जाता येत नाही. ऑफिसात लोकांना याचा त्रास होतो, लॅबमध्ये याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

तर, एक वर्षाचा पीजी डीएमएलटी (पदवीनंतरचा लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) करावा की बीपीएमटी (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाची पदवी)? बीपीएमटी म्हणजे तीन वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, तेवढं बिनपगारी राहणं मला अवघड आहे. खरी भीती वेगळीच आहे. शिकताना कलेक्शन काउंटरवर, म्हणजे रक्त घेतात तिथे, उभं राहावं लागणार, अनोळखी माणसांशी बोलावं लागणार, त्यांच्या हाताला हात लावावा लागणार. ते कसं निभवायचं? आणि निदानाबद्दल सांगायचं की नाही, सांगायचं तर कधी? आई म्हणते, "आजारी माणसांत तुझं कसं व्हायचं?" हे काम माझ्यासाठी नाही असं कुणाला वाटत असेल तर तेही लिहा, पण कारण सांगून लिहा.

स्लाइडबॉक्स:

मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. आधी बायोकेमिस्ट्रीत होते, आता हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे पेशंटच्या शरीरातून काढलेले तुकडे तपासतात त्या विभागात. ताई, लॅब म्हणजे शांत जागा असं समजून येऊ नका. सकाळी उपाशीपोटीच्या नमुन्यांची झुंबड असते, आत अ‍ॅनालायझरचे अलार्म, सेंट्रिफ्यूजची घरघर, वॉर्डातून "रिपोर्ट कधी?" म्हणून फोन. तुमच्या वडिलांच्या पोटॅशियमसारखा धोक्याचा आकडा आला की तुम्हालाच उलट फोन करून कळवावा लागतो. पण तो फोन ठरलेला असतो. पेशंटचं नाव, नंबर, तपासणी, आकडा, मग पलीकडच्याने तो परत वाचून दाखवायचा, आणि कुणाला किती वाजता सांगितलं ते आपण नोंदवायचं. तुमच्या ऑफिसातल्या फोनपेक्षा हा सोपा जाईल, असं मला वाटतं.

हिस्टोपॅथॉलॉजीचा जरूर विचार करा. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, येतो. प्रोसेस करून त्याचा पॅराफिनचा (मेणाचा) ब्लॉक करायचा, मायक्रोटोम नावाच्या काप करायच्या यंत्रावर तीन ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काप घ्यायचे, ते कोमट पाण्यावर तरंगवून स्लाइडवर उचलायचे आणि रंगवायचे. पेशंट समोर नसतो. डब्याचा, ब्लॉकचा आणि स्लाइडचा नंबर प्रत्येक टप्प्याला जुळवून पाहणारं माणूस इथे लागतं, कारण अदलाबदल झाली तर एकाचा कॅन्सर दुसऱ्याच्या नावावर जातो. न जुळणारं सोडवत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून सांगते आहे. मात्र फॉर्मॅलिन आणि झायलीन या रसायनांचा वास असतो. तुमचं वासाचं कसं आहे? हा प्रश्न आवाजाइतकाच महत्त्वाचा.

बीएस्सी आहे तर पीजी डीएमएलटी पुरे. फी भरण्याआधी संस्था कोणत्या विद्यापीठाला जोडलेली आहे आणि त्या डिप्लोम्यावर महाराष्ट्र पॅरावैद्यक परिषदेत नोंदणी होईल का, हे परिषदेलाच विचारा. माहितीपत्रकावर विसंबू नका.

वाटाड्या:

माझा भाचा ऑटिस्टिक आहे, त्याच्यासाठी बरेच कागद रंगवलेत, त्यातलं कामाचं सांगतो.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, ऑटिझम त्यात येतो. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयाचं मंडळ तपासतं. ऑटिझमला इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात, चाळीस मुद्द्यांची. तुमचा खाजगी रिपोर्ट सोबत न्याच, आणि लहानपणीचं सांगू शकेल असं कुणीतरी, शक्यतो आईलाच. मोठ्या माणसाच्या बाबतीत "बोलता तर छान" एवढ्यावरच विषय संपवतात, तेव्हा आईचं सांगणं फार उपयोगी पडतं.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागलं तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात, आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत मिळते. ३३व्या वर्षी हे लक्षात ठेवा. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, मानसिक आजार, बौद्धिक दिव्यांगत्व वगैरे गटांना मिळून. मात्र जाहिरातीत त्या पदाला कोणते प्रकार निश्चित केलेत ते आधी वाचा.

प्रमाणपत्र काढलं तर अपात्रच ठरवतील, ही भीती बऱ्याच जणांना असते. २०२४ मध्ये ओंकार गोंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्केवारी ४० किंवा वर आहे म्हणून उमेदवाराला बाहेर काढता येणार नाही, तो अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे मंडळाने पाहायला हवं. ते प्रकरण एमबीबीएसचं होतं, पण कुणी आडवं बोललं तर दाखवायला हाताशी ठेवा. माझं मत, निदान प्रवेशाच्या वेळीच सांगा. नाहीतर पुढे सोय मागताना "तेव्हा का नाही बोललात?" हे ऐकावं लागतं.

उत्तररात्र:

मी स्वतः ऑटिस्टिक आहे, एका रुग्णालयात सीएसएसडीत काम करतो. शस्त्रक्रियेची हत्यारं धुणं, तपासणं, सेट लावणं, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करणं. वाटाड्यादादांशी मी या बाबतीत सहमत नाही. सरकारी ठिकाणी सांगा, तिथे कायदा सरळ पाठीशी आहे. खाजगी संस्थेनेही समान संधी धोरण ठेवावं असं कायदा म्हणतो खरा, पण ते धोरण मागून बघा, किती जण दाखवतात ते कळेल. लहान लॅबमध्ये निदानाचं नाव आधी घेतलं की समोरचा तुम्हाला बघायचंच थांबवतो, हा माझा अनुभव आहे.

मी गरज सांगतो. "ड्युटीचा तक्ता आठवडाभर आधी द्या." "तोंडी सांगितलेलं व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका." "जेवणाच्या सुट्टीत मला एकटं बसू द्या." यातलं काहीही महाग नाही, आणि सहसा मिळतं. कामाने विश्वास बसल्यावर मी मॅडमना ऑटिझमचं सांगितलं. त्यांनी माझी रोज बदलणारी पाळी महिन्यातून एकदा बदलणारी केली, आणि तेव्हापासून मी टिकलो. तुम्हाला माणसांचा त्रास कमी आणि अचानकपणाचा जास्त होतो, असं तुमचं लिहिणं वाचून वाटलं. तसं असेल तर इमर्जन्सी लॅब टाळा, बाकी बरंच उघडं आहे.

कोरांटी:

सगळ्यांचे खूप आभार. अचानकपणाचं अगदी बरोबर आहे. वासाचा त्रास अत्तरं, अगरबत्तीचा होतो. कॉलेजच्या लॅबमध्ये कधी झाला नाही, पण झायलीन मी जवळून अनुभवलेलं नाही. प्रमाणपत्राचा अर्ज याच महिन्यात करते. कलेक्शनचं मात्र अजून अडलं आहे. स्लाइडबॉक्सताई, तिथे नेमकं काय बोलावं लागतं?

स्लाइडबॉक्स:

नेमकंच सांगते. "तुमचं पूर्ण नाव आणि वय सांगा." नाव त्यांच्या तोंडून यायला हवं. "तुम्ही सुनीता ना?" असं विचारलं की घाबरलेलं माणूस कशालाही हो म्हणतं. "शेवटचं कधी खाल्लंत?" "रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का?" "मागे रक्त देताना चक्कर आली होती का?" मग "आता टोचतेय, हात हलवू नका." रक्त भरायच्या नळ्यांचा क्रमही झाकणाच्या रंगाने ठरलेला, निळी, मग लाल किंवा पिवळी, जांभळी, शेवटी राखाडी. निळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. लेबल त्यांच्यासमोर लावायचं, "पाच मिनिटं दाबून धरा" म्हणायचं, की पुढचा पेशंट. ही वाक्यं घरी आईवर म्हणून बघा. हाताला हात लावायचं म्हणाल तर ग्लोव्हज असतात, आणि शीर शोधताना लक्ष सगळं बोटाच्या टोकाशी जातं.

ओळखीच्या लॅबमध्ये नुसतं बसून बघायचं असेल तर दुपारी दोननंतर विचारा, तेव्हा सांगायला कुणाला तरी वेळ असतो. ते जमलं की एकदा सकाळी आठला जा. आणि झायलीनसाठी आमच्यासारख्या एखाद्या विभागात अर्धा तास मागून घ्या, फी भरायच्या आधी.