मोटरहोमची सहल: मुक्कामाची देखणी जागा कशी निवडलीत? (अनुभव धागा)

खिडकीतली_शेवंती
काल रात्री भाचीचा मेसेज. "मावशी, फेब्रुवारीत न्यूझीलंड, साउथ आयलंड, मोटरहोम बुक झालीय, राहायचं कुठे ते पटकन सांग." सोबत इन्स्टावरचे ढीगभर फोटो. त्यात पुकाकी तळं होतंच, ते दुधाळ निळं पाणी आणि मागे माउंट कुक. लोकांना निळाई आठवते, मला आधी आठवला वारा! रात्रभर गाडी हलत होती आणि कपाटातले स्टीलचे डबे एकमेकांवर आपटत होते.

(निळा रंग का, तर हिमनद्या खडक दळत खाली येतात आणि ते पीठ पाण्यात तरंगत राहतं. मुलांना सांगायला बरं.)

तिथून पुढे माउंट कुकच्या वाटेवर ग्लेनटॅनरला थांबलो होतो. नवऱ्याला अगदी पुढची, डोंगर समोर दिसणारी जागा हवी होती. शेजारच्या ट्रेलरमधल्या आजोबांनी आभाळाकडे बघितलं आणि झाडांच्या आडोशाला जा म्हणाले. गेलो. नवरा संध्याकाळभर फुगून. रात्री नॉर्थ-वेस्टरने (वायव्येकडचा वारा) जे झोडपलं, त्यानंतर फुगा आपोआप उतरला. सकाळी चहाचे कप घेऊन पाच मिनिटं चाललो तर तोच डोंगर समोर. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, दृश्य गाडीच्या खिडकीतून दिसायलाच हवं असं नाही, चहा गार व्हायच्या आत पोचता आलं की पुरे.

अजून एक, तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो. तळ्याच्या दक्षिण काठावर, उत्तर मोकळी असेल अशी जागा मिळाली की दिवसभर ऊन. डोंगराच्या दक्षिण कुशीत दहा वाजले तरी कुडकुडत बसाल.

तुमचे अनुभव लिहा. देश कुठलाही चालेल. भाची वाचणार आहे, तेव्हा जरा जपून :)

डोंगरवेडा_डोंबिवली
व्हाइट हॉर्स हिल!!! माउंट कुक गावाच्या पुढे, डॉकचा (म्हणजे तिथलं सरकारी निसर्गसंवर्धन खातं) कॅम्प. वीज नाही, पण हुकर व्हॅलीची पायवाट तिथूनच सुरू होते, टूरच्या बसेस यायच्या आधी निघता येतं. रात्री माउंट सेफ्टनवरून बर्फाचे कडे कोसळतात त्याचा गडगडाट झोपेत ऐकू येतो. बायको म्हणाली, ट्रक उलटला वाटतं.
तिथले किया पोपट मात्र पक्के गुंड. शेजारच्या गाडीच्या खिडकीचं रबर सोलत होते, दोन जण राखणीला आणि एक कामाला.

पावशेर
फोटो टाका की राव. नुसतं वर्णन काय.

निवांत_नलू
मिलफर्ड साउंडला जाणार असाल तर 'ते आनाऊ' गावात राहून पहाटे निघतात लोक. आम्ही वाटेत कॅस्केड क्रीकला राहिलो. दोन्हीकडे सरळ कडे, मध्ये सपाट गवत, पाऊस पडून गेल्यावर कड्यांवरून धबधबेच धबधबे. मिलफर्डला वर्षाला साडेसहा-सात मीटर पाऊस पडतो, म्हणजे आपली आंबोलीच. माझं माहेर सावंतवाडी, त्यामुळे ओलं अंथरूण वगैरे काही वाटलं नाही.
पण सँडफ्लाय!! वारा पडला की आल्याच. गडद कपड्यांवर जास्त बसतात. माओरी लोकांची कथा आहे, की मिलफर्ड इतकं सुंदर झालं की माणसं तिथून हलणार नाहीत म्हणून हिने-नुई-ते-पो देवीने ही चिलटं सोडली. देवी यशस्वी झाली एवढंच सांगते. अंधार पडला की मात्र चावत नाहीत, जेवण तेव्हा बाहेर मांडा.
कुकर लावलाय, जाते.

एडिनबराकर
आमच्या हायलँड्समध्ये तोच प्रकार, नाव मिजेस. मे ते सप्टेंबर. त्यामुळे शेवंतीताई, तुमच्या आडोशाच्या सल्ल्याला आमच्याकडे उलटं धरायचं. थोडा वारा असलेली उघडी जागाच चांगली, वाऱ्यात त्यांना उडता येत नाही. आडोसा घेतला की नुसतं खाजवत बसा.
आणि स्कॉटलंडमध्ये कुठेही राहता येतं असं जो तो सांगतो. 2003 च्या कायद्याने ती मुभा तंबूवाल्यांना आहे, मोटर गाडीला नाही.

गोदाकाठ
कॅसेट (गाडीतल्या संडासाची टाकी हो) कोण रिकामी करतं, याबद्दल कोणीच बोलत नाहीये :D

डोंगरवेडा_डोंबिवली
@गोदाकाठ, पुरुषवर्ग. निसर्गनियम आहे.

गोदाकाठ
आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात. दरवेळी माझीच निघते. चिठ्ठ्या नवरा लिहितो, आत्ता लिहिताना लक्षात येतंय...

ऑकलंडची_आक्का
भाचीसाठी दोन कामाच्या गोष्टी. फ्रीडम कॅम्पिंग म्हणजे हवं तिथे फुकट, असा समज करून लोक येतात. कौन्सिलच्या जागेवर राहायचं तर सहसा गाडी सेल्फ-कंटेन्ड (संडास, पाणी, सांडपाण्याची टाकी सगळं गाडीतच) हवी, आणि 2023 च्या नव्या कायद्यात संडास गाडीत पक्का बसवलेला लागतो, सीटखालून ओढून काढायचा पोर्टा-पॉटी चालत नाही. शिवाय प्रत्येक कौन्सिलच्या बंदीच्या जागा वेगळ्या. रात्री पाटी वाचा, नाहीतर सकाळी काचेवर दंडाची चिठ्ठी.
दुसरं, डॉकच्या यादीत 'सीनिक' हा चक्क एक वर्ग आहे. नावावर जाऊ नका, सोय म्हणजे साधा संडास आणि नळ. गरम पाणी विसरा. मोक लेक, टोटारानुई सुंदर आहेत, पण वाटेत कच्चा रस्ता लागतो आणि भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बऱ्याचदा मनाई असते. आधी करार वाच, मग नकाशा.
फेब्रुवारी उत्तम. इथली शाळकरी गर्दी ओसरलेली असते. फक्त 6 तारखेला वाइतांगी डे, त्या आठवड्याचं बुकिंग आत्ताच कर.

शिकागोचा_शिक्रा
अमेरिकेत गाडीची लांबीच सगळं ठरवते. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या 'गोइंग टू द सन' रस्त्याच्या डोंगरी भागात 21 फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही, म्हणजे मोटरहोम खाली ठेवून शटलने वर. आम्हाला ते उलट आवडलं, मीही दरीकडे बघू शकलो.
यलोस्टोनला फिशिंग ब्रिजमध्ये तंबूला परवानगीच नाही, पक्क्या भिंतीच्या गाड्याच हव्यात. कारण अस्वलं. आई तेव्हा भारतातून आली होती, हे ऐकल्यावर तिने दाराला आतून ओढणी बांधली.

मावळा_पवनेचा
इकडे पवनाकाठी या कधी. शनिवारी रात्री प्रत्येक कॅम्पवर वेगळा डीजे. सँडफ्लाय परवडल्या.

निवांत_नलू
@मावळा 😂 आषाढात आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, धुक्यात काही दिसत नाही पण शांतता असते.

पावशेर
महाराष्ट्राने 2021 ला कॅरव्हॅनचं धोरण आणलं होतं ना? कोणी राहिलंय का इथे कॅरव्हॅनमध्ये? (आणि फोटो??)

खिडकीतली_शेवंती
@पावशेर, फोटो जुन्या लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप माळ्यावर, माळ्यावर चढणारा ऑफिसात.
@आक्का, करार तिला पाठवायला सांगितलाय. तिचं उत्तर: "हेअर ड्रायर चालेल का?" पॉवर्ड साइट (विजेची जोडणी असलेली जागा) असेल तरच चालेल ग बाई, मायक्रोवेव्हही तसाच. दोन रात्री डॉक, मग एक रात्र हॉलिडे पार्क, असं लाव. गरम आंघोळ, वॉशिंग मशीन, डम्प स्टेशन (टाक्या रिकाम्या करायची जागा) एकदम उरकतं. टेकापोला पार्कातच राहिलीस तरी आकाश दिसतंच, 2012 पासून तो डार्क स्काय राखीव भाग आहे. फक्त संडासाच्या दिव्याजवळची जागा घेऊ नको.

कुरडई
साउथ आयलंडच्या दक्षिण टोकाला कॅटलिन्समध्ये क्युरिओ बे! फ्लॅक्स नावाच्या लांब पात्यांच्या उंच झुडपांनी वेगवेगळ्या खोल्या केल्यासारख्या जागा आहेत, वारा लागत नाही, आणि ओहोटीला ज्युरासिक काळातलं दगड झालेलं जंगल उघडं पडतं. सगळे क्वीन्सटाउनला धावतात, इकडे कोणी येत नाही.
बाकी फोडणी दिली की गाडीतला धुराचा अलार्म बोंबलतो. जिरं-मोहरी दार उघडं ठेवूनच.

गोदाकाठ
मेतकूट, लाडू वगैरे नेता येतात का न्यूझीलंडला?

ऑकलंडची_आक्का
देशात शिरताना भरायच्या डिक्लेरेशनमध्ये सगळं लिही. लिहिलेलं फार तर काढून घेतील, लपवलेलं सापडलं तर जागेवर 400 डॉलर. ट्रेकिंगचे बूटही धुऊन आण, तळवे उलटे करून बघतात. आणि लाडू तुपातले असतील तर माझ्या नावाने वेगळा डबा बांध.

गोदाकाठ
मी कुठे येतेय, शेवंतीताईंची भाची येतेय!

ऑकलंडची_आक्का
मग तिला सांगा.