विंडोज १० वरच थांबायचं की ११ घ्यायचं? छापखान्यात तीन मशीन आहेत, नीट विचार करून सांगा

खिळेजुळारी
नमस्कार मंडळी. कराडच्या बाजूला आमचा छोटा छापखाना आहे, वडिलांनी खिळे जुळवण्यापासून सुरू केलेला, आता ऑफसेट आणि डीटीपी. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची पत्रकं, बिलबुकं, जे येईल ते काम.

तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्हीवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे तुम्हाला माहीतच असेल. पहिलं मशीन बिलिंगचं, दहाव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, त्यावर टॅली, जीएसटी, बँक आणि टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन. दुसरं डिझाईनचं, सहाव्या पिढीचा आय५, १६ जीबी, एसएसडी टाकलीय, कोरल एकदम मख्खन चालतं. तिसरं सगळ्यात म्हातारं, ४ जीबी, विंडोज १० पण ३२ बिटचं, त्यावर पेजमेकर आणि आमचं जुनं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, ज्याचं डोंगल, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली, लावल्याशिवाय एक अक्षर उमटत नाही. २००४ पासूनचा डेटा त्या फॉन्टमध्ये आहे.

हार्डवेअरवाला म्हणतो तिन्ही बदला, कोटेशन दीड लाखाच्या आसपास. पुतण्या म्हणतो काही होत नाही काका, चालतंय तोवर चालवा. माझं मत पुतण्याकडे झुकतंय, चालतं मशीन उगाच उघडू नये असं वडील सांगायचे आणि छपाईच्या मशीनला ते शंभर टक्के लागू पडतं. पण बँकेचं नेटबँकिंग बिलिंगच्या मशीनवर आहे म्हणून झोप लागत नाही. काय करू?

सिस्टीमवाला
दादा, छपाईचं मशीन आणि इंटरनेटला जोडलेलं मशीन एकाच मापाने मोजू नका. तुमचं ऑफसेट कुणी कझाकस्तानात बसून उघडू शकत नाही, कॉम्प्युटर उघडू शकतो.

सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही, पण नवीन सापडलेली भोकं बुजवणं थांबतं. आणि ११ साठी जो पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, निघतो तो बघून १० मध्ये तेच भोक कुठे आहे हे हल्ला करणाऱ्याला आयतं कळतं, कारण आतला बराचसा कोड दोन्हीकडे सारखाच आहे. मे २०१७ चं वॉनाक्राय आठवा, फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारं. ज्या भोकातून ते शिरलं त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता, ज्यांनी लावला नाही ते अडकले, आणि एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपलेला असून शेवटी मायक्रोसॉफ्टला त्याच्यासाठीही पॅच काढावा लागला. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या नावाच्या दुसऱ्या व्हायरसने आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं, कंटेनर अडकून पडले.

बिलिंगचं मशीन ११ ला पात्र आहे, ते आजच करा. बाकीच्यांचं बजेट बसवा.

वऱ्हाडी बाणा
भीती दाखवून माल विकायची ही जुनी पद्धत आहे आणि मी याच्या पूर्ण विरोधात आहे.

सिस्टीमवाला भाऊ, नॉटपेट्याचं उदाहरण दिलं तर पूर्ण द्या. ते आत शिरलं युक्रेनमधल्या एका टॅक्सच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि आत आल्यावर मेमरीतले पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या मशीनवरही पसरलं. म्हणजे सगळं अपडेट ठेवलेला माणूससुद्धा बुडाला. वॉनाक्रायमध्येही सगळ्यात जास्त मार विंडोज ७ ला बसला, जे तेव्हा सपोर्टमध्येच होतं. अपडेट म्हणजे कवचकुंडलं नाहीत.

आणि सहाव्या पिढीच्या आय५ ला काय धाड भरलीय? १६ जीबी रॅम, एसएसडी, कोरल पळतंय. बऱ्याच बोर्डांवर त्या पिढीत ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय सुद्धा मिळते, अडतं ते फक्त ११ ला चालणाऱ्या सीपीयूच्या यादीवर. यादी आठव्या पिढीपासून, सातव्यातले मोजके सोडले तर बाकी बाद. २०१५ मध्ये कंपनीचाच माणूस व्यासपीठावरून बोलला होता की १० हे शेवटचं विंडोज. लोकांनी त्या भरवशावर मशीन घेतली. आता धडधाकट मशीन भंगारात घाला म्हणायचं आणि वर पर्यावरणावर भाषणं द्यायची. त्यात रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून असे भडकलेत की नवीन मशीन घ्यायला याहून वाईट वेळ शोधून सापडायची नाही.

सिस्टीमवाला
बाणा, पॅच लावलेलेही बुडाले म्हणून पॅच नकोच हे म्हणजे हेल्मेट घालून पण माणसं मरतात म्हणून हेल्मेट नको. सीपीयूच्या यादीबद्दल मात्र तुझ्याशी सहमत आहे, ती यादी मला आजही पटत नाही. पण माझ्या न पटण्याने दादांच्या बँक खात्याला संरक्षण मिळत नाही ना.

मिंटवाला
दोघंही एकाच कुंपणाच्या आत भांडताय. डिझाईनच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, फुकट आहे, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, सहाव्या पिढीवर वाऱ्यासारखं चालेल. डिझाईनला इंकस्केप आहे, पानं जुळवायला स्क्रायबस आहे, युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणारं, व्यवस्थित जुळतं. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतायत, तिथल्या शिक्षकांना जमतं तर आपल्याला का जमू नये? प्रत्येक वेळी कंपनी म्हणेल तेव्हा खिशात हात घालायचा, यातून कधीतरी बाहेर पडायलाच हवं.

खिळेजुळारी
मिंटवाला, कळकळ समजली, पण माझ्याकडे गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर कोरलची फाईल घेऊन येतं, सांगलीचा प्लेटवाला कोरलच मागतो. इंकस्केपमध्ये उघडली आणि एखादी वेलांटी सरकली तर दोन हजार पत्रिका रद्दीत आणि लग्नघरचे लोक दारात. शाळेला जमतं कारण शाळेची फाईल शाळेतच राहते. घरच्या मशीनवर नक्की टाकून बघेन, धंद्यावर आत्ता नाही.

गणिताच्या बाई
मी अपग्रेडच्या विरोधात नाही, पण माझ्यावर जे बेतलं ते सांगते कारण ते कुणी आधी सांगत नाही.

नवीन लॅपटॉप घेतला, विंडोज ११. दुकानदाराने सगळं चालू करून दिलं आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागितलं तेव्हा त्याने स्वतःच्याच दुकानाच्या ईमेलवर टाकलं, मला विचारलंही नाही. सात-आठ महिन्यांनी बोर्डाची दुरुस्ती झाली आणि चालू केल्यावर निळी स्क्रीन, बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, ४८ आकडी की टाका. मला तर डिस्क एन्क्रिप्ट झालीय हेच माहीत नव्हतं! नव्या ११ मध्ये अकाउंटने लॉगिन केलं की बहुतेक मशीनवर ते आपोआप चालू होतं आणि की त्या अकाउंटमध्ये जाऊन बसते. माझी की त्या दुकानदाराच्या ईमेलमध्ये. त्याच्याकडे चार दिवस चकरा मारल्या तेव्हा सापडली, दहावीच्या सराव परीक्षांचे सगळे पेपर त्यात होते हो. त्या चार रात्री मी विसरणार नाही.

तेव्हा दादा, ११ घ्या किंवा नका घेऊ, पण अकाउंट स्वतःच्या ईमेलवर स्वतःच्या हाताने उघडा आणि ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा. आणि एक, मशीन पूर्ण पुसून नव्याने टाकलं तर मंगल आणि कोकिळा हे फॉन्ट दिसणार नाहीत, जुन्या वर्ड फाईली वेगळ्याच दिसायला लागतात. घाबरू नका, भाषांमध्ये मराठी जोडली की ते येतात, नाहीतर ऑप्शनल फीचरमधून देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट घ्यावे लागतात.

वऱ्हाडी बाणा
बाई, हे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. माणसाला न विचारता त्याच्या डिस्कला कुलूप लावायचं, याला सुरक्षा म्हणायचं का?

गणिताच्या बाई
नाही बाणा, लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला असता तर त्याच कुलपाने मुलांची माहिती वाचवली असती. कुलूप चांगलंच आहे, किल्ली दुसऱ्याच्या खिशात गेली हा घोळ होता.

करसल्ला
एक मधला रस्ता कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, ईएसयू म्हणतात. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तीन वाटा आहेत, सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटशी जोडला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट, नाहीतर एकदाच ३० डॉलर अधिक कर. विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ असायला हवी. कंपन्यांसाठी वेगळी योजना, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. डोमेनला, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला, जोडलेल्या मशीनला घरगुती योजना चालत नाही, आणि दादा तुमचा तर धंदाच आहे, तेव्हा अटी नीट वाचून ठरवा.

माझ्या अशिलांना मी एकच विचारतो, ज्या मशीनवर डिजिटल सही आणि बँक आहे ते मशीन कुठलं? त्याला काटकसर लावू नका. कुणी तुमच्या सहीने काहीतरी भरलं तर निस्तरायला तुम्हालाच उभं राहावं लागेल, तिथे ३० डॉलर आणि दीड लाखाचा हिशोबच वेगळा होतो. आणि विंडोज ओरिजिनल आहे का ते आधी बघा. ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीचं विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम, मारलेलं असेल तर ही सगळी चर्चा फुकट आहे, कारण तो ॲक्टिव्हेटर चालवायला अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि मग चोराला आपणच जिना लावून दिलेला असतो.

सिस्टीमवाला
करसल्ला, ईएसयूला माझा विरोध नाही, पण तो उत्तर नाही, मुदतवाढ आहे. आपल्याकडे मुदतवाढ मिळाली की माणूस विसरतो आणि आदल्या रात्री धावपळ करतो.

वऱ्हाडी बाणा
मुदतवाढ म्हणजे रॅमचे भाव उतरायची वाट बघायला मिळालेला वेळ. शिवाय सहाव्या पिढीवर रुफस नावाच्या प्रोग्रॅमने यादीचा अडथळा काढून ११ टाकता येतं, मी स्वतः दोन मशीनवर टाकलंय, दर महिन्याचे अपडेट येतायत.

सिस्टीमवाला
दर महिन्याचे येतात, वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट आपणहून येत नाही, आयएसओ, म्हणजे विंडोजची पूर्ण फाईल, उतरवून हाताने करावं लागतं. आणि कंपनीने आधीच लिहून ठेवलंय की अशा मशीनला अपडेटची हमी नाही. तुला जमतं कारण तू रात्री बसून ते करतोस. लग्नसराईत दादांनी ते कधी करायचं?

खिळेजुळारी
मंडळी, आठवडा गेला, काय केलं ते सांगतो.

बिलिंगच्या मशीनची आधी डिस्क क्लोन करून ठेवली. मशीन ११ ला चालेल का ते सांगणाऱ्या हेल्थ चेकने नापास दाखवलं, बघतो तर बायोसमध्ये टीपीएम बंद, इंटेलच्या बोर्डवर त्याला पीटीटी नाव असतं हे करसल्लांनी फोनवर सांगितलं. ते चालू केलं, ११ वर टाकलं, टॅली आणि सहीचं टोकन पहिल्या झटक्यात चाललं. दहा दिवसांत परत १० वर जायची सोय असते म्हणून धाडस झालं. अकाउंट माझ्याच ईमेलवर, की कागदावर लिहून शेअर सर्टिफिकेटच्या फायलीत ठेवलीय, बाई.

मग हौस म्हणून जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर टाकून बघितलं. ३२ बिटचे प्रोग्रॅम ११ वर चालतात, पण डोंगलसारखं यंत्र चालवणारा ड्रायव्हर ६४ बिटचाच लागतो. डोंगलचा तसा एक ड्रायव्हर जुन्या सीडीवर सापडला, तर मेमरी इंटिग्रिटी या विंडोजच्या सुरक्षेच्या सोयीने तो अडवला. ते बंद केलं तर कदाचित चालेल. बंद करू का?

सिस्टीमवाला
अजिबात नको. जुन्या ड्रायव्हरमधून थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरतात, ते दार ज्याने बंद ठेवलंय तेच तुम्ही काढताय, आणि तेही बँकेच्या मशीनवर.

वऱ्हाडी बाणा
आयुष्यात पहिल्यांदा सिस्टीमवाल्याशी पूर्ण सहमत. दादा, म्हातारं मशीन आहे तसं ठेवा, नेटची वायर काढा, वायफायचं कार्डच उपसा आणि त्याला फक्त जुनी कामं करू द्या. त्याला ना १० चा सपोर्ट लागतो ना ११ चा.

गणिताच्या बाई
वायर काढली तरी गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह त्यात लागतोच ना? तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासा, म्हाताऱ्यासाठी एक पेनड्राइव्ह वेगळाच ठेवा, त्याला रंगीत दोरा बांधा. आणि डेटा युनिकोडमध्ये कधी आणणार? डोंगल एक दिवस मरणार आहे आणि त्याचा पॅच कुणीच काढणार नाही.

खिळेजुळारी
हे मात्र मनाला लागलं. काल एक अहवाल कन्व्हर्टरमधून काढून बघितला, रफार पुढच्या अक्षरावर आणि 'दऱ्या'चा 'दर्या' झाला. प्रत्येक पान डोळ्याखालून घालावं लागणार, वीस वर्षांचं सगळं नाही जमणार. जी गिऱ्हाइकं दरवर्षी येतात त्या अकरा पतसंस्थांपासून सुरुवात करतोय, पुतण्याला रोज दोन तास त्यालाच बसवलंय.

डिझाईनच्या मशीनला ईएसयू लावलं, आमच्या धंद्याला कुठली योजना चालते ते करसल्लांनी अटी वाचून सांगितलं तसंच. सप्टेंबरमध्ये रॅमचा भाव बघून त्याचं ठरवेन. आणि कुणाकडे त्या जातीचं जादा डोंगल पडून असेल, चालू अवस्थेतलं, तर कळवा, योग्य किंमत देईन.