परिषदेत प्रश्नांना वेळ हवा की आणखी दोन व्याख्याने?

तीन हात नाका
गेल्या आठवड्यात आपल्या या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, बांधकाम परिषदांमधील प्रश्नोत्तरांचा वेळ कापून त्या जागी आणखी दोन व्याख्याने बसवावीत, कारण माणूस पैसे भरून येतो तो जाणकारांचे ऐकायला. हे वाचून मला राहवले नाही. मागच्या वर्षी वाशीतल्या एका परिषदेत दिवसाला नऊ व्याख्याने होती. वेळ सरकत गेला आणि कात्री लागली ती प्रश्नांना व चहाला. मला विचारायचे होते ते एवढेच: खाडीलगतच्या एका इमारतीत गंजलेल्या सळयांभोवतीचे काँक्रीट फोडून आम्ही पॉलिमर मॉर्टर, म्हणजे दुरुस्तीचा खास मसाला, नीट भरले, तरी दोन पावसाळ्यांत त्या ठिगळाच्या कडेलाच नव्या भेगा का पडल्या? उत्तर मिळाले ते जेवणाच्या रांगेत, पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांकडून. क्लोराइड, म्हणजे खाऱ्या हवा-पाण्यातला क्षार, शिरलेल्या काँक्रीटमध्ये गंजणारा भाग शेजारच्या सळईला काही काळ राखत असतो. तो भाग दुरुस्त झाला की गंजण्याची पाळी शेजारच्या भागावर येते, म्हणून अशा ठिकाणी सळईला तिच्याऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड जोडण्याचा विचार करावा लागतो. दोन दिवसांत मी शिकलो ते हे. हॅरिसन ओवेन यांनी १९८५ मध्ये ‘ओपन स्पेस’ ही सभेची पद्धत सुरू केली, तीदेखील परिषदेत लोकांना सर्वांत उपयोगी वाटते ती चहाची सुट्टी, या अनुभवावरून. निबंध आधी पाठवावेत, व्याख्यान वीस मिनिटांचे व प्रश्न वीस मिनिटांचे असावेत, आणि एक पूर्ण सत्र फसलेल्या दुरुस्त्यांना द्यावे.

सेक्टर सतरा
ते मत माझे होते आणि मी ते मागे घेत नाही. आपल्याला रांगेत योग्य माणूस भेटला. शंभरांतल्या उरलेल्यांना काय मिळाले? प्रश्नाच्या नावाखाली ज्येष्ठ मंडळी माईक हातात घेऊन स्वतःच्या कामांची माहिती देतात आणि वक्ता ताटकळत उभा राहतो. असे मी डझनभर परिषदांत पाहिले आहे.

घणसोली फाटा
प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यावेत आणि अध्यक्षांनी निवडून वाचावेत, म्हणजे ही तक्रार उरणार नाही. सात वर्षांत माझ्या हाती एकदाही माईक आलेला नाही. चिठ्ठी मात्र मीही देऊ शकेन. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. ज्यांच्या हातून दुरुस्ती होते ते मुकादम, मिस्त्री आणि साइट सुपरवायझर या सभागृहात कधीच नसतात, कारण सगळा कार्यक्रम इंग्रजीत चालतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतींचे ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावे लागते; आमच्याकडे अशा इमारती ओळीने उभ्या आहेत आणि त्यांवर काम करणाऱ्यांशी आपण बोलतच नाही.

कोलशेत
ताई, भावना समजते, पण काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक आय.एस. ४५६ इंग्रजीत आहे, चाचण्यांचे अहवाल इंग्रजीत आहेत आणि परिषदेला अन्य राज्यांतूनही लोक येतात. तांत्रिक चर्चा मराठीत आणली तर तिची पातळी खाली येईल.

घणसोली फाटा
मला ताई म्हणून समजावू नका, मुद्द्याला उत्तर द्या. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून विज्ञान मराठीत मांडते आहे. तिने पातळी खाली आणली, असे आपण म्हणणार आहात काय? मी नोकरीला लागले त्या वर्षी एका इमारतीत जुन्या काँक्रीटला इपॉक्सीचा बाँडिंग कोट, म्हणजे जुने-नवे काँक्रीट सांधणारा लेप, लावला होता. तो चिकट असतानाच त्यावर नवा माल पडायला हवा, हे डब्यावर इंग्रजीत लिहिलेले होते. सुपरवायझरांनी संध्याकाळी कोट लावला आणि सकाळी माल भरला. महिन्याभराने हातोडी मारली तर प्रत्येक तुळईतून पोकळ आवाज आला. सगळे काम पुन्हा फोडले आणि दोष मिस्त्रीच्या माथी गेला. त्या माणसाला एक वाक्य मराठीत कोणी सांगितले असते, तर ही वेळ आली नसती.

कोलशेत
ते सांगणे साइटवरच्या अभियंत्याचे काम होते, परिषदेचे नव्हे.

घणसोली फाटा
ती अभियंता मीच होते. मलाही ते कोणी सांगितले नव्हते, आणि त्याआधीच्या दोन्ही परिषदांत मी पुढच्या रांगेत बसून टिपणे घेतली होती.

कोलशेत
ठीक आहे. सुपरवायझरांसाठी दुपारचे एक सत्र मराठीत घ्यायला माझा विरोध नाही, मात्र त्यात प्रात्यक्षिक असावे. मुख्य सत्रे इंग्रजीतच राहावीत, हे माझे मत कायम आहे.

सेक्टर सतरा
भाषेच्या वादात मूळ प्रश्न मागे पडला. चिठ्ठ्या मला मान्य आहेत, नाइलाजाने का होईना. पण फसलेल्या कामांचे सत्र ऐकायला बरे वाटते. सोसायटी दावा लावील या भीतीने व्यासपीठावर कोण उभा राहील?

तीन हात नाका
ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘क्रॉस’ ही व्यवस्था आहे. अभियंते बांधकामातल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात तेथे कळवतात, आणि कळवणाऱ्याचे व इमारतीचे नाव गाळून ते सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. परिषदेतही सोसायटीचे नाव काढून छायाचित्रे दाखवता येतील. पहिले ठिगळ माझे दाखवीन, सळयांच्या मोजमापांसह. दुसरे कोण देणार?

घणसोली फाटा
दुसरे माझे, आणि ते मी मराठीतून मांडीन.

सेक्टर सतरा
तेवढ्यासाठी मी येईन आणि माझ्याकडची एक फाइलही आणीन. व्याख्याने कमी करायला मात्र माझी संमती धरू नये.