चिखल, वाळू, बर्फ: फोर-बाय-फोरवर पहिला पैसा मड टायरचा की हवेचा?

चोर्लाघाट
पावसाळा तोंडावर आला की गोव्यातल्या नव्या फोर-बाय-फोरला आधी मड-टेरेन टायर (चिखलासाठीचे, मोठ्या दातांचे), मग दोन इंची लिफ्ट (गाडी उंच करणं) आणि मग विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) बसतो. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. रोज डांबरावर फिरणाऱ्या गाडीला ऑल-टेरेन टायर (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचे), हवा भरायला दमदार कॉम्प्रेसर, हवा मोजायला चांगला गेज आणि रुतलेल्या चाकाखाली घालायचे दोन रिकव्हरी बोर्ड पुरतात.

डांबरावर टायरमधल्या हवेचा दाब 32 पीएसआय असेल तर चिखलात 22 आणि वाळूत 18 वर या. टायर लांबट पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि चाक रुतत नाही. 15 च्या खाली गेलात तर वळणावर टायरची कड रिममधून निसटू शकते. 18 वर असताना स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका, वेग 30-40 च्या आत ठेवा. डांबर लागलं की तिथेच हवा भरा, नाहीतर टायरची बाजू तापून आतून फाटते. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप चार मोठ्या टायरना झेपत नाही. मोठा कॉम्प्रेसर घ्या, त्याचे चिमटे थेट बॅटरीला लावा आणि इंजिन चालू ठेवा.

तांबडीमाती
चोर्लाघाट बाब, हवेचं सगळं मान्य. पण सत्तरी-सांग्यातली ओली तांबडी माती तुम्ही हिशेबात धरलेली नाही. ती लोण्यासारखी चिकट असते. ऑल-टेरेनच्या खाचा अरुंद, पहिल्या काही मीटरातच भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. मग हवा कितीही उतरवा, चाक जागच्या जागी फिरतं. मड-टेरेनच्या रुंद खाचा चाक फिरताना चिखल बाहेर फेकतात. त्यासाठी चाकाला थोडा वेग लागतो, म्हणून लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरचे कमी वेगाचे, जास्त ताकदीचे गिअर) पहिला नको, दुसरा गिअर घ्या. इएसपी (घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद करा, नाहीतर चाक सरकताच तो इंजिनाची ताकद कापतो. गाडी अडायला लागली तर स्टिअरिंग पाव-पाव वळण डावी-उजवीकडे हलवा, टायरच्या बाजूचे दात कडेच्या मातीत धरतात. तरी पुढे सरकत नसेल तर लगेच पाय काढा. आणखी दहा सेकंद फिरवलंत की गाडी पोटावर बसते.

आणि 22 चा आकडा सगळीकडे लावू नका. वर दोन बोटं चिखल आणि खाली कठीण जांभा असेल तर हवा 26-28 ठेवा. टायरने वरचा थर कापून खालचा जांभा धरायला हवा, पसरला की तो चिखलावर तरंगतो. खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या, सखल जमिनीत) याच्या उलट, तिथे खाली कठीण असं काही हाताला लागतच नाही.

चोर्लाघाट
26-28 चा मुद्दा शंभर टक्के बरोबर, मी तो लिहायला हवा होता. पण त्याच मड टायरवर भर पावसात चोर्ला घाट उतरायचा आहे ना? मोठ्या दातांमुळे ओल्या डांबराला रबर कमी टेकतं आणि ब्रेकचं अंतर वाढतं. त्यात भर म्हणून लोक 31 इंचीच्या जागी 33 इंची टायर घालतात. मग काटा 80 दाखवतो तेव्हा गाडी 85 च्या आसपास असते.

हिमवाट
2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि गोव्याच्या गाड्या हिवाळ्यातही लाहौलात पोचू लागल्या, म्हणून बर्फाचं लिहितो. तिथे मड टायर सगळ्यात वाईट. रबर थंडीत कडक होतं आणि दातांवर बारीक चिरा नसतात, त्यामुळे गोठलेल्या रस्त्यावर गाडी घसरते. तीन शिखरं आणि हिमकणाची खूण (बर्फासाठीच्या टायरची) असलेले ऑल-टेरेन घ्या, सोबत बर्फात टायरवर चढवायच्या, टायरच्या मापाच्या चेन. एकच जोडी असेल तर कुठल्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. घरी कोरड्यात एकदा लावून पाहा. 33 इंची टायर आणि चाकाच्या कमानीत चेनपुरती जागा राहत नाही. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन पुन्हा आवळा. बर्फ संपला, कोरडं डांबर आलं की चेनही काढा आणि पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (हवं तेव्हाच चारही चाकांना ताकद देणारी) टू-व्हीलवर आणा, नाहीतर वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण येतो.

खारेवारे
टायरवर एवढं भांडताय, ब्रीदरचं (अ‍ॅक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारं छोटं तोंड) कुणी नाव काढत नाही. नव्या थारला कंपनी 650 मिमी पाण्याची मर्यादा देते, ती इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून. अ‍ॅक्सल त्याच्या कितीतरी आधी बुडतो. अ‍ॅक्सलच्या मधलं तापलेलं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारे गिअर) व्हाळाच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. दुसऱ्या दिवशी वरचा भरण्याचा प्लग उघडून बोट घाला. ऑइल नारळाच्या रसासारखं पांढरट दिसलं तर त्याच दिवशी काढून टाका, नवीन भरा, थोडं चालवा आणि पुन्हा बदला. ब्रीदरला रबरी नळी जोडून बॉनेटखाली उंचावर बांधली की हा प्रश्नच राहत नाही. खर्च मड टायरच्या तुलनेत किरकोळ.

आणि किनाऱ्यावर गाडी घालू नका. गोव्यात ते बेकायदा आहे. मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्राकडे जायच्या ऐवजी त्या खाचेतच फिरत राहतं. खाजनात गाडी गेली असेल तर त्याच दिवशी चेसिसच्या भोकांतून आत गोडं पाणी सोडा, जोवर स्वच्छ येत नाही तोवर. ओल्या मातीवर अंडरकोटिंग मारून घेतलंत तर गंज आत कोंडून वाढतो.

तांबडीमाती
ब्रीदरचं मान्य, आजच सगळ्यांनी बघा. बर्फाचंही मान्य. माझं मत तेवढ्याने बदलत नाही: ज्याची वाट पावसाळ्यात रोज बागायतीतून जाते, त्याने मड टायरच घ्यावेत आणि डांबरावर हळू चालवावं.

विंचबद्दल मात्र चोर्लाघाटांच्या बाजूने. खाजनात बांधायला झाड कुठे आहे? सोबत दुसरी गाडी असेल तर 9 मीटरचा ताणणारा कायनेटिक दोर आणि तो अडकवायला दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्या कड्या) जास्त कामाचे. दोर चेसिसच्या मजबूत रिकव्हरी पॉइंटलाच अडकवा. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच नाही. ताणात तो तुटला तर दोरासकट मागच्या गाडीची काच फोडून आत येतो.